वधूवरांचे फोटो होईपर्यंत

अमेरिकेतील लग्नात विधी संपल्यापासून जेवणाचा हॉल उघडेपर्यंत जो तासाभराचा वेळ असतो त्याला ‘कॉकटेल अवर’ म्हणतात. तिथला विधी बहुधा अर्ध्या तासात आटोपतो. मग वधूवर, दोन्हीकडचे आईवडील आणि जवळचा मित्रपरिवार फोटोंसाठी बागेत किंवा चर्चच्या पायऱ्यांवर जातो. विधी आणि जेवण एकाच हॉलमध्ये असेल तर तेवढ्या वेळात खुर्च्यांच्या रांगा उचलून गोल टेबले मांडायची असतात, फुले हलवायची असतात. पाहुण्यांनी इतका वेळ करायचे काय, याचे उत्तर म्हणजे हा तास. शेजारच्या दालनात किंवा हिरवळीवर बार उघडतो, ट्रेमधून घासभर आकाराचे पदार्थ फिरू लागतात आणि लोक उंच टेबलांभोवती उभ्याउभ्याच बोलतात.

यजमान जागेवर नसलेली ही मेजवानी. ओळख करून द्यायला कोणी नसते, वराचे कॉलेजमधले मित्र आणि वधूच्या मावश्या प्रथमच समोरासमोर आलेल्या असतात, बसायला खुर्च्या जेमतेम. अशा वेळी संगीत असावे की नाही, हा प्रश्न तयारीच्या यादीत फार खाली असतो. विधीच्या वेळी काय वाजणार ते ठरलेले असते, नाचासाठी डीजे किंवा बँड सांगितलेला असतो. मधल्या तासाचे ‘बघू नंतर’ म्हणून राहते. मग आयत्या वेळी डीजेचाच एक स्पीकर बाहेर आणून ठेवला जातो. निर्णय न घेण्याचा हा सर्वांत प्रचलित प्रकार आहे.

वरवर पाहता हा आवडीचा आणि खर्चाचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात तो बोलण्या-ऐकण्याचा आहे. या तासात पाहुण्यांना एकच काम असते, ते म्हणजे गप्पा. संगीत त्या गप्पांना हात देते की आड येते, यावर ते असावे की नसावे हे ठरते. यातली मेख अशी की दालन रिकामे असताना संगीताची गरज सर्वांत जास्त असते आणि ते भरत जाते तशी गरज कमी होत जाते. बहुतेक ठिकाणी होते मात्र उलटे: गर्दी वाढली, संगीत ऐकू येईनासे झाले, की कोणीतरी जाऊन आवाज वाढवतो.

आधी या तासाच्या नावाविषयी. ‘कॉकटेल’ या शब्दाची छापील व्याख्या १८०६ साली न्यू यॉर्क राज्यातील हडसन गावच्या एका वृत्तपत्रात आली: मद्य, साखर, पाणी आणि कडवट अर्क यांचे मिश्रण. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती. उघड्यावरचे गुत्ते बंद झाले तसे पिणे घरात शिरले, आणि जेवणाआधी घरी जमून पेला हातात घेऊन गप्पा मारण्याची पद्धत बंदी उठल्यावरही टिकून राहिली. लग्नातल्या मधल्या तासाने नाव उचलले ते या पद्धतीचे.

खाण्यापिण्याच्या वेळी संगीत ठेवण्याची चाल त्याहून कितीतरी जुनी. युरोपातल्या दरबारांत भोजनाच्या वेळी वाजवायचे संगीत वेगळे रचले जाई. जर्मन रचनाकार टेलेमान याने १७३३ मध्ये हॅम्बुर्ग येथे अशा रचनांचा मोठा संग्रह वर्गणीदार गोळा करून प्रसिद्ध केला. वर्गणीदार दोनशेहून अधिक होते आणि त्यांत लंडनमधला रचनाकार हँडेलही होता. म्हणजे जेवणाच्या संगीताला दुय्यम समजण्याचा प्रघात तेव्हा तरी नव्हता. ते ऐकणाऱ्याने ऐकावे, बोलणाऱ्याने बोलावे, अशी त्यात सोय होती.

‘कोणी ऐकूच नये’ असे संगीत करण्याचा चंग बांधला तो फ्रेंच रचनाकार एरिक साती याने. घरातली खुर्ची-टेबले जशी नुसती असतात, आपण त्यांच्याकडे टक लावून बघत नाही, तसे संगीत असावे अशी त्याची कल्पना. त्याने त्याला नावच ‘फर्निचर-संगीत’ असे दिले. ८ मार्च १९२० रोजी पॅरिसच्या बार्बाझांज कलादालनात एका नाटकाच्या मध्यंतरात त्याचा प्रयोग झाला. सोबत रचनाकार दारियस मियो होता. वादकांना एकत्र न बसवता दालनात वेगवेगळ्या ठिकाणी पांगवले होते, म्हणजे नजर कोणा एकाकडे जाणार नाही. प्रेक्षकांनी उठावे, फिरावे, काहीतरी प्यावे, बोलावे अशी अपेक्षा. पण वाद्ये सुरू झाली आणि उठलेले लोक परत जागेवर येऊन मुकाट्याने ऐकू लागले. साती त्यांच्यात फिरून ‘बोला, चाला, ऐकू नका’ अशा विनवण्या करत राहिला. त्याचा काही उपयोग झाला नाही. कॉकटेल अवरसाठी चार वादक बोलावणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग आधी लक्षात घ्यावा. समोर माणूस वाजवत असेल तर सभ्य माणसाला त्याच्याकडे पाठ फिरवून बोलणे जड जाते. वादकांभोवती आपोआप अर्धवर्तुळ तयार होते, गाण्यागणिक टाळ्या पडतात आणि जो तास एकमेकांशी बोलण्यासाठी होता त्याची छोटी मैफल होते. कोणाला नेमके तेच हवे असेल तर प्रश्नच नाही. पण मग खुर्च्या मांडाव्यात.

पार्श्वसंगीताचा पुढचा इतिहास यंत्रांचा आहे. अमेरिकी लष्करातील अधिकारी जॉर्ज स्क्वायर याने १९२२ मध्ये तारांवरून घरोघर संगीत पोहोचवण्याची कंपनी काढली आणि १९३४ मध्ये तिचे ‘म्यूझॅक’ असे बारसे झाले. हॉटेले, कचेऱ्या, कारखाने, लिफ्ट यांत अखंड वाजणारे गुळगुळीत संगीत या नावाने ओळखले जाऊ लागले, आणि ते बऱ्याचदा कुत्सितपणे. लग्नात ‘नको ते लिफ्टमधले संगीत’ म्हणून नाक मुरडणारे लोक त्याच परंपरेला नाक मुरडत असतात. पण लिफ्टमधल्या संगीताचा एक गुण विसरू नये. तिथे दोन अनोळखी माणसांमधली अवघडलेली शांतता त्याने थोडी सैल होते. कॉकटेल अवरच्या पहिल्या दहा मिनिटांत नेमकी हीच अडचण असते. मोठे दालन, पाच-सात माणसे, चमच्यांचा आवाज. मोठ्याने बोलावे तर सगळ्यांना ऐकू जाईल, म्हणून लोक कुजबुजतात किंवा फोन काढतात. हलके संगीत चालू असेल तर त्याच्या आडोशाने बोलायला धीर येतो. ध्वनिशास्त्रात याला एका आवाजाने दुसरा झाकणे म्हणतात. शेजारच्या टेबलावरचे बोलणे आपल्याला कळत नाही आणि आपले त्यांना, एवढे झाकण पुरे.

झाकणाचा हा उपयोग भारतीय लग्नाला नवा नाही. तमिळ लग्नात मंगळसूत्र बांधण्याच्या क्षणी नादस्वर आणि तविल ही वाद्ये एकदम जोरात वाजतात, ते त्या क्षणी एखादा अशुभ शब्द कानी पडू नये म्हणून, असे सांगितले जाते. महाराष्ट्रात शेवटची मंगलाष्टका संपून अंतरपाट दूर होताच वाजंत्री उसळते, तिचाही परिणाम तोच: काही क्षण कोणाचेच बोलणे ऐकू येत नाही. तिथे झाकण मिनिटभराचे असते. तासभर ठेवले तर काय होते, हा पुढचा भाग.

१९११ मध्ये एतिएन लोंबार या फ्रेंच कानतज्ज्ञाने एक साधी गोष्ट नोंदवली: भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. गोंगाट थांबवला की आवाज आपोआप खाली येतो. बोलणाऱ्याला याची जाणीवही नसते. पुढच्या मोजमापांतून असे दिसले की गोंगाट १० डेसिबलने वाढला तर बोलणारा साधारण ३ ते ६ डेसिबलने आवाज वाढवतो. म्हणजे आवाज चढतो, पण गोंगाटाला गाठत नाही. तूट वाढतच जाते.

आता शंभर पाहुण्यांचे दालन घ्यावे. लोक चारचारच्या घोळक्यांत उभे आहेत, प्रत्येक घोळक्यात एका वेळी एक जण बोलतो आहे. म्हणजे एकाच क्षणी पंचवीस जण बोलत आहेत. नेहमीच्या बोलण्याची पातळी मीटरभर अंतरावर सुमारे ६० डेसिबल असते. पंचवीस जणांची ध्वनिऊर्जा एकाच्या पंचवीस पट, आणि डेसिबलच्या हिशेबात ती १४ची भर. हे सगळे जण काही एकाच्या कानाशी उभे नसतात हे खरे, पण दालनाच्या भिंती त्यांचे आवाज परतवून आणत असतात. त्यात कोणी संगीत जोरात लावले की पंचवीसच्या पंचवीस जण आवाज चढवतात. प्रत्येकाच्या दृष्टीने बाकीचे चोवीस म्हणजे गोंगाट, म्हणून तो पुन्हा चढवतो. शेवटी टणक भिंतींच्या दालनात पातळी ७५-८० डेसिबलपर्यंत सहज जाते आणि ज्या संगीताने हे सुरू केले ते कोणालाच ऐकू येत नाही. मग डीजेला ‘जरा वाढव रे’ असा निरोप जातो.

या विषयावर खरोखरच एक शोधनिबंध आहे. १९५९ मध्ये मॅक्लीन नावाच्या अभ्यासकाने अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात कॉकटेल पार्टीच्या ध्वनिशास्त्राचे दोन पानी गणित मांडले. त्याचे म्हणणे असे की प्रत्येक दालनाला पाहुण्यांची एक मर्यादा असते. तिच्या आत पार्टी शांत राहू शकते. मर्यादा ओलांडली की ती हळूहळू नव्हे, झपाट्याने गोंगाटी होते, कारण प्रत्येकाने आवाज चढवून कोणाचाच फायदा होत नाही. ऐकू येण्यासाठी एकच उपाय उरतो, जवळ सरकणे. गणितात गंमत आहे, पण ते खोटे नाही. ही मर्यादा दालनाचे आकारमान आणि त्याच्या भिंती किती ध्वनी पितात यावर ठरते. संगमरवरी फरशी आणि काचेच्या भिंती असलेल्या हॉटेलच्या लॉबीत मर्यादा लवकर येते. गालिचा, जाड पडदे, कापडी छत असेल तर उशिरा. पाहुण्यांची शरीरे आणि कपडेही थोडा ध्वनी शोषतात. हार्वर्डच्या वॉलेस सबाइनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाट्यगृहातल्या गाद्या रात्री वाहून नेऊन नेऊन मोजले होते की एक माणूस सुमारे सहा गाद्यांइतका ध्वनी पितो. दुर्दैवाने गादी बोलत नाही आणि माणूस बोलतो.

गोंगाटातून एकच आवाज निवडून ऐकण्याची माणसाची क्षमता मात्र थक्क करणारी आहे. कॉलिन चेरी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये तिचा पद्धतशीर अभ्यास केला, आणि मानसशास्त्रात तिला नावच ‘कॉकटेल पार्टी परिणाम’ असे पडले. दोन्ही कानांत पोहोचणाऱ्या ध्वनीतला बारीक फरक, बोलणाऱ्याच्या आवाजाची जात, तो कोणत्या बाजूला उभा आहे, यांवरून मेंदू हवा तो धागा उचलतो. दालनाच्या दुसऱ्या टोकाला आपले नाव निघाले तर कधीकधी तेही कानात शिरते. पण ही क्षमता वयाबरोबर उतरते. साठीनंतर वरच्या पट्टीतले ध्वनी आधी कमी ऐकू येऊ लागतात आणि शब्द ओळखण्यासाठी लागणारी स, श, त, क यांसारखी व्यंजने तिथेच असतात. कानाला यंत्र लावलेल्या आजोबांना यंत्र संगीतही तितक्याच इमानाने मोठे करून देते. घरातल्या ज्येष्ठांना लग्नात सर्वांत अधिक बोलायचे असते; संगीताच्या आवाजाने सर्वांत आधी गप्प होतात तेही तेच. एखादे आजोबा कोपऱ्यात नुसते हसत मान डोलावत बसलेले दिसले तर ते कार्यक्रमावर खूश आहेत असे समजण्याची घाई करू नये.

याच कारणाने संगीत कोणते, यापेक्षा त्यात काय नसावे हे ठरवणे सोपे जाते. खर्जाचा ठोका नसावा, कारण खालचे स्वर वरच्या स्वरांना सहज झाकतात. नाचासाठीचे मोठे बास स्पीकर या तासात बंदच ठेवलेले बरे. समजणारे शब्द शक्यतो नसावेत. गाण्यातले शब्द ऐकायचे नाहीत असे ठरवले तरी मेंदू त्यांच्याकडे वळतो. वाद्यसंगीतापेक्षा गायलेले संगीत तात्पुरत्या स्मरणात अधिक व्यत्यय आणते, असे मानसशास्त्रातल्या प्रयोगांत दिसले आहे. बोलता बोलता ओळखीचा अंतरा आला की वाक्य अर्धवट राहते, हा अनुभव तर प्रयोगाविनाही सगळ्यांचा आहे. मात्र ओळखीच्या गाण्याची नुसती चाल व्हायोलिनवर किंवा बासरीवर आली तर वेगळेच घडते. ‘हे कुठलं गाणं?’ असा प्रश्न कोणीतरी विचारतो, शेजारचा अनोळखी माणूस उत्तर देतो आणि ओळख होते. लोकप्रिय गाणी व्हायोलिन-चेलोवर वाजवणाऱ्या चौकडीची २०२० मध्ये आलेल्या ‘ब्रिजर्टन’ मालिकेने जी लाट आणली तिचे लग्नांतले यश बरेचसे या कोड्यात आहे. गतीही महत्त्वाची. रोनाल्ड मिलिमन याने १९८६ मध्ये एका अमेरिकी रेस्टॉरंटमधले निष्कर्ष प्रसिद्ध केले: संथ संगीताच्या दिवशी गिऱ्हाईक अधिक वेळ बसले आणि बारवर अधिक खर्च करून गेले. बारचे बिल यजमान भरणार असेल तर ही माहिती त्याच्या कामाची आहे.

प्रत्यक्ष वादक की ध्वनिमुद्रण, हा वाद साती प्रकरणानंतर अर्धा सुटतो. वीस-तीस माणसांत, घराच्या अंगणात, एकटा गिटारवादक किंवा हार्पवादिका शोभते. आवाज मुळातच हलका असतो आणि वादक समोरची गर्दी बघून तो कमी-जास्त करतो, हे यंत्राला जमत नाही. जॅझची तिकडी किंवा तंतुवाद्यांची चौकडी मोठ्या जागेत बरी, पण त्यांना कोपरा द्यावा, मंच नव्हे. सॅक्सोफोन आणि स्टीलड्रम उघड्यावरच चांगले. वादक सलग तासभर वाजवतात असे धरून चालू नये. पाऊण तास वाजवून पंधरा मिनिटे विसावा, ही सर्वसाधारण रीत आहे. विसाव्यात काय वाजणार हे ठरवलेले नसले की गर्दीच्या ऐन भरात अचानक शांतता पडते आणि सगळे घड्याळाकडे बघतात. ध्वनिमुद्रण स्वस्त, पण त्यालाही एक माणूस लागतो. तासाला पंधरा ते वीस गाणी पुरतात. अडचण गाण्यांची नसून पातळीची असते. फोनवर यादी लावून निघून गेलेला चुलतभाऊ हा या व्यवस्थेतला कच्चा दुवा. एक मोठा स्पीकर जोरात लावण्याऐवजी चार लहान स्पीकर हळू लावले तर आवाज सगळीकडे सारखा पोहोचतो. एकाच स्पीकरने शेवटच्या माणसापर्यंत आवाज न्यायचा म्हटले की पहिल्या माणसाचे कान बसतात, कारण उघड्यावर अंतर दुप्पट झाले की पातळी ६ डेसिबलने उतरते. बारपाशी आणि ट्रे घेऊन वाढपी जिथून बाहेर पडतात तिथे स्पीकर नकोच. तिथे मागणी ऐकू यावी लागते.

यावरून संगीत मुळीच नको अशी वेळ कधी येते तेही कळते. दालन लहान, भिंती टणक, माणसे दीडशे आणि बहुतेक एकमेकांना ओळखणारी असतील तर संगीतावर खर्च करणे म्हणजे गोंगाटात पैसे ओतणे. समुद्रकाठी लाटांचा आवाज असतो, बागेत कारंजे असते. तिथेही संगीताची गरज थोडी. वधूवरांनी विधीआधीच फोटो उरकून घेतले, जी पद्धत अमेरिकेत आता रुळली आहे, तर ते स्वतःच या तासात पाहुण्यांत मिसळतात आणि लोकांना बोलायला विषय मिळतो. उलट थोडे पाहुणे, मोठी जागा, एकमेकांना अनोळखी दोन कुटुंबे, त्यातही दोन भाषा, असे असेल तर संगीताविना पहिला अर्धा तास अवघड जातो.

दोन भाषांची, दोन रीतींची लग्ने हा अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांचा आता नेहमीचा अनुभव आहे. त्यांचा कॉकटेल अवर थोडा वेगळ्या जागी येतो. लग्न सकाळी मुहूर्तावर लागते, दुपारी जेवण होते, मध्ये कपडे बदलायला काही तास मिळतात आणि संध्याकाळी रिसेप्शनच्या आधी हा तास असतो. म्हणजे तो फोटोंसाठीचा राहत नाही. उशिरा येणाऱ्यांना सांभाळून घेण्याचा होतो. चाटच्या काउंटरपाशी गर्दी, सकाळी वरातीत ढोलावर नाचून घसे आधीच बसलेले, आणि लगेच पुढे रात्रभर डीजे. या दिवसातली शांततेची एकुलती एक जागा हीच, आणि सतार किंवा बासरीचे मंद ध्वनिमुद्रण तिला पुरते. याच वेळी हिंदी सिनेगीतांचा मारा सुरू केला तर नाचाच्या वेळी वाजवायला नवे काही उरत नाही, हा त्यातला व्यावहारिक तोटा.

महाराष्ट्रातल्या जुन्या पद्धतीच्या लग्नात असा मोकळा तास नव्हता. लग्न लागले की वधूवर होमाला बसत आणि पाहुणे पंगतीला. दोघे एकाच वेळी कामात. मधली पोकळी सनई-चौघडा भरत असे, आणि तो मांडवाच्या दाराशी असे, पंगतीच्या डोक्यावर नव्हे. ही जागेची निवड शहाणपणाची होती. सनईचा आवाज तीक्ष्ण, दूरवर जाणारा. त्याचे काम लग्नघर कुठे आहे ते गावाला सांगण्याचे. पंगतीत तर उखाणा घ्यायची वेळ आली की भोवतीचे सगळे गप्प होत, कारण नाव ऐकायचे असे. पुढे मंगल कार्यालयात वादकांची जागा सनईवादक बिस्मिल्ला खाँ यांच्या ध्वनिमुद्रणांच्या कॅसेटने घेतली आणि दाराबाहेरची सनई भिंतीवरच्या कर्ण्यातून थेट जेवणाऱ्यांच्या कानात आली. आजच्या रिसेप्शनला भेटीच्या रांगेत उभे राहून ऑर्केस्ट्राच्या वरताण ओरडत ‘अभिनंदन’ म्हणणारे पाहुणे तिथूनच पुढे आलेले आहेत.

गोव्यात हा तास सर्वांत सहज बसतो. ख्रिस्ती लग्नात चर्चमधला मिसा आणि संध्याकाळचे रिसेप्शन यांच्यात वेळ असतोच, आणि हॉलमध्ये वधूवरांचे आगमन, टोस्ट, केक, पहिला नाच हे सगळे बँडच्या साथीने होते. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य संगीत शिकवले गेले, त्यामुळे गावोगाव वादक मिळतात; मुंबईतली हॉटेले आणि सिनेमाचे वाद्यवृंद अनेक वर्षे याच वादकांवर चालले. बाहेरून येऊन गोव्याच्या किनाऱ्यावर लग्न करणाऱ्यांनी सूर्यास्ताच्या वेळचा कॉकटेल अवर आणि त्यासाठी एकटा सॅक्सोफोनवादक अशी जोडी पक्की केली आहे. त्यामागे कायद्याचेही कारण आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातून मोजक्या दिवशी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. त्यामुळे उघड्यावरचे संगीत संध्याकाळीच उरकावे लागते.

कायद्याची दुसरी बाजू हक्काची आहे. जेवता-पिता कानावर पडणाऱ्या संगीताचे पैसे द्यायचे का, हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९१७ मध्ये गेला होता. न्यू यॉर्कच्या शॅनलीज रेस्टॉरंटमध्ये रचनाकार व्हिक्टर हर्बर्टची रचना गायली गेली. गिऱ्हाइकांकडून संगीताचे वेगळे पैसे घेत नाही, म्हणून ते नफ्यासाठी नव्हे, असे मालकाचे म्हणणे. न्यायमूर्ती होम्स यांनी ते मान्य केले नाही: लोक फक्त जेवायला येत नाहीत, त्या वातावरणासाठीही पैसे मोजतात आणि संगीत त्याचा भाग आहे. तेव्हापासून तिथले हॉल आणि हॉटेले बहुधा वार्षिक परवाना घेऊन ठेवतात. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात धार्मिक समारंभातल्या संगीताला सूट आहे आणि तिच्या स्पष्टीकरणात वरात व लग्नाशी निगडित सामाजिक सोहळे यांचा उल्लेख आहे. पण हॉटेलातली कॉकटेल पार्टी या सोहळ्यांत बसते का, यावर तंटे चालू राहिले. लग्नात परवाना लागत नाही अशी सूचना केंद्र सरकारच्या संबंधित विभागाने जुलै २०२३ मध्ये काढली. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये तशाच आशयाचे परिपत्रक काढले आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते ऑगस्टमध्ये रद्द केले. म्हणून हॉल ठरवतानाच परवाना कोण काढणार हे लेखी विचारून घेणे सोयीचे. वादकांनी पारंपरिक किंवा स्वतःच्या रचना वाजवल्या तर हा प्रश्न बराचसा टळतो.

उरते ती पातळीची देखरेख. पहिला पाहुणा येण्याआधी संगीत सुरू झालेले असावे. हातभर अंतरावरच्या माणसाशी नेहमीच्या आवाजात बोलून बघावे. आवाज चढवावा लागला तर संगीत जास्त आहे. दालन अर्धे भरले की संगीत वाढवू नये, आहे तिथेच सोडून द्यावे. गर्दीत ते बुडेल, आणि बुडू द्यावे. शेवटची पाच मिनिटे राहिली की पूर्ण बंद करावे. ऐकू येत नव्हते ते बंद झाल्याचेही लोकांना कळते. लोंबारने सांगितल्याप्रमाणे आवाज आपोआप खाली येतात, माना दाराकडे वळतात आणि जेवणाचा हॉल उघडल्याची हाक माइकशिवाय सगळ्यांपर्यंत पोहोचते.